संदर्भ क्रमांक नऊ

आम्रपाली टेंभुर्णे दुपारी तीनला येते,
तोंडाला दुपट्टा, नुसते डोळे उघडे,
आणि दुपट्टा सोडायच्या आधीच पिशवीतून
निबंधाचा सातवा खर्डा काढते.
कूलरच्या वाऱ्यानं पानं उडतात.
त्यांच्यावर ती तापमापकं ठेवते,
काड्यापेटीएवढी, पांढरी,
बावीस घरांत दोन उन्हाळे टांगलेली.

पहिलंच वाक्य :
'अर्धपक्क्या घरांमध्ये उष्णतेचा ताण अनुभवला जातो.'
कोण अनुभवतं?
'प्रतिसादक.'
कुठला?
'क्रमांक सतरा. म्हणजे सयत्राबाई. भांडेवाडीकडे,
शेवटच्या गल्लीत, नळाच्या अलीकडं...'
आणि मग ती सांगत सुटते, खर्ड्याकडं न बघता :
बाई दिवसभर साड्यांना फॉल लावते,
सुई घामानं निसटते म्हणून बोटांना खडूची भुकटी,
पंखा बंद, कारण तो झळाच फेकतो,
दाराला ओलं पोतं, अर्ध्या तासात कडक,
आणि पाणी एक दिवसाआड.

काय म्हणाली ती?
'म्हणे, दुपारी तं गंजबी हात लावू देत नाई, पोरी.'

हे कुठंय खर्ड्यात?
'हा किस्सा वाटंल न, मॅडम.'

तीस वर्षं मी एवढंच शिकवलं :
कर्ता शोधा.
'अत्यंत भीषण' लिहू नका, ४४.८ लिहा,
किती वाजता ते लिहा,
आणि पत्र्याच्या किती फूट खाली टांगलं होतं, तेही.
बाकी शिकवायला फारसं काही नसतं,
चहा करावा लागतो, आणि वाट बघावी लागते.

पान अकरा.
'तथापि, काही रहिवासी दिवसाही घरी असण्याची शक्यता
पूर्णतः नाकारता येत नाही.' वर बारीक नऊ.

इतकं अंग चोरून बसलेलं वाक्य हिचं नव्हे.
नऊ कोण?
ती कूलरकडं बघते.

नऊ मी आहे.

एक्याण्णव सालचा अहवाल, निळ्या पुठ्ठ्याचा,
माझ्या माहेरच्या आडनावाचा.
पुनर्वसनाच्या घरांना पत्रा चालेल,
स्वस्त, हलका, रात्री लवकर निवतो,
आणि रहिवासी दिवसा कामावर असतात,
सबब दुपारचे तापमान दुय्यम.

सबब.
केवढा भरवसा होता माझा त्या शब्दावर.

वस्तीत गेले नव्हते असं नाही. दोनदा गेले,
जानेवारीत, भर दुपारी.
दारादारांत बायका बसल्या होत्या,
कुणी निवडत, कुणी शिवत.
मी त्यांना पत्ता विचारला होता.

पेन्सिल घेते. 'तथापि' खोडते. 'शक्यता' खोडते.
'पूर्णतः' हिनं कुणाकडून उचललं, मला ठाऊक आहे.
समासात लिहिते : सरळ लिही.
हे गृहीतक चूक होतं. बावीसपैकी एकोणीस घरांत
दुपारी एकला माणूस होतं.

'पण मॅडम, तुमचं नाव येईल...'
येणारच. आडनाव, वर्ष, पान.
पान चौतीस. पान विसरू नको.

ती लगेच लिहीत नाही. टोपण चावते.
मग लिहिते, आणि 'चूक'च्या आधी हळूच
'काहीसं' घालते,
मी बघतेय हे बघून खोडते.

साडेपाचला गेली, गाडीची सीट ओल्या फडक्यानं पुसून.
चहाचा कप धुताना दिसलं,
एक तापमापक टेबलावरच राहिलंय.
एकतीस पूर्णांक दोन.
दर दहा मिनिटांनी लाल ठिपका लुकलुकतो,
नोंद घेतो
माझ्या वाळ्याच्या ताट्यांची, भरल्या टाकीची,
माझ्या एकटीच्या तीन खोल्यांची.

फोन केला. अगं, तुझं एक राहिलं इथं.
तिकडं वाहनांचा आवाज, मग ती :
'राहू द्या न मॅडम,
तुलनेसाठी एक घर कमीच पडून राहिलं होतं.'