भगदाड

जळगावात आमच्या कॉलनीला नळ दिवसाआड,
ओट्यावरच्या स्लॅबला मात्र रोज पाणी.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
हातगाडीवरच्या भाजीसारखी सगळी कॉलनी मान टाकून पडलेली,
आणि माझ्या गॅसच्या डाव्या बाजूला
टप्.
मोजलंय मी. कुकरच्या दोन शिट्ट्यांत एकवीस थेंब.

सोसायटीनं काम कंपनीला दिलंय.
कंपनीचं ऑफिस नाशकात,
फोन उचलणारी मुलगी कुठली, देव जाणे.
"बोरोले मॅडम, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."
मग सनई. सनई संपली की पुन्हा सनई.
लग्न कुणाचं लागतंय, अक्षता कुठं टाकायच्या,
मी कानाला फोन लावून उभी, हातात वरणाचा डाव.

पहिला आला तो वर बघून गेला.
दुसऱ्यानं फोटो काढला, त्यात मीही निघाले, झाडू घेऊन.
तिसरा आलाच नाही,
तरी मोबाइलवर निरोप आला : काम पूर्ण.
मी वर पाहिलं.
टप्.
परत फोन केला तर नवा क्रमांक मिळाला.
जुना बंद झाला म्हणे,
आणि बंद क्रमांकाची गळती त्यांना दिसत नाही.

आषाढात सुभान तडवी आला, यावलकडचा,
हातोडा-छिन्नी स्वतःची.
"तीन महिने झाले, पगार नाही," म्हणाला,
शेजारचे गावाला गेलेत, असं सांगावं तितक्या सहज.
चहा घेतला, छत फोडायला लागला.
पाइप शोधत शोधत भाकरीएवढं फोडलं,
तशी वरची फरशीच निखळली
आणि माझ्या ओट्यावर उजेड पडला.
उजेडात हर्षाली अत्तरदेचं पाऊल, जोडव्यासकट.
"पाइप घेऊन येतो," सुभान म्हणाला.
शिडी ठेवून गेला,
म्हणून मला वाटलं, येईल.

आधी पुठ्ठा लावला मी. तो ओला होऊन पडला.
चार वर्षं ती माझ्या डोक्यावर राहतेय,
जिन्यात दिसली तर हसायचं, एवढीच ओळख.
आता तिची फोडणी माझ्या घरात शिंकते.
"काकू वं, भाजी खारट झाली!"
"बटाटा टाक," मी तोंड वर करून ओरडते.
देवाशीसुद्धा इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.
थंडीत भरिताची वांगी भाजली, धूर सरळ तिच्याकडे,
संध्याकाळी सुतळीला बांधून
एक रिकामी वाटी खाली आली.
एका दुपारी नुसता नळ सोडलेला,
आणि नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज.
त्या दिवशी थेंब पटापट पडत होते.
मी विचारलं काहीच नाही.
बादली भरली ती उचलली, दुसरी लावली.
मग म्हटलं, हर्षाली, कोथिंबीर आहे का गं?
बऱ्याच वेळानं म्हणाली, आहे.

मार्चमध्ये कंपनीची दोन पोरं आली, नव्या टोप्या घालून.
दहा मिनिटांत सिमेंट थापलं, सही घेतली.
"आणि गळती?"
"आमच्या कागदावर भगदाड आहे काकू, गळती नाही."
"बरं, ही शिडी?"
शिडीही त्यांची नाही.
तिच्यावर मी लसूण वाळत घालते.

रात्री वरून ठोकलं कुणीतरी, दोनदा. वाटीच असणार.
मी लाटणं उलटं धरून छताला हाणलं.
ओला पोपडा सुटला तो थेट कणकेत.

हात पुसून फोन लावला.
सनई.