वळसा

कंपनीचं पत्र आलं : अकरा घरं, परवडत नाही.
एलिनेडने त्याच पाठकोऱ्या कागदावर
दरीचा नकाशा काढला, पेन्सिलीने,
आणि म्हणाली, खणू या.

तोवर ग्वेनोचा मुलगा परीक्षेचा अर्ज भरायला
टेकडीवर गाडी नेऊन बसायचा, काच खाली करून.
एक रेघ यायची. जायची.

मार्चभर खणलं.
गुडघाभर चर, वेल्सचा चिकट चिखल,
दगडी कुंपणाखालून हात घालून
नारिंगी नळी पुढे सरकवायची,
पलीकडून कुणीतरी ओरडायचं, आली!
मेंढ्या रवंथ थांबवून बघायच्या,
आम्ही कुरणाची शिवण उसवतोय तशा.

एमलिनच्या शेतात नकाशाची रेघ
काटेरी झुडपाखालून सरळ जात होती.
फावडं टेकलं तेवढ्यात म्हातारा म्हणाला,
इथं नाही.
इथं फ्लॉस आहे.
फ्लॉस म्हणजे त्याची कुत्री. चौदा वर्षं.
कुणी वाद घातला नाही.
नऊ मीटर केबल जास्त लागली,
मी वहीत मांडली : किरकोळ.

आता एमलिन मेंढ्यांचे भाव घरबसल्या बघतो,
शिव्या पूर्वीच्याच,
फक्त सकाळी लवकर सुरू होतात.

परवा शहरातून एक पोरगेला इंजिनिअर आला.
पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
शेत तर सपाट आहे, मग हा बाक कशाला?
मी चहा ओतत राहिले.

केसाएवढ्या काचेतून धावणारा उजेड
दर वेळी तिथं वळतो,
झोपलेलीला न उठवता.