जातीचा रकाना

फॉर्मवर चौथा रकाना जातीचा.
मी लिहिते ‘गावठी’.
केळुसकर डॉक्टर खोडतात, वर लिहितात ‘इंडी’.
मढवीबाई, असं लिहिलं की लोक लवकर नेतात.

नेतात कसले. रविवारी येतात
पामबीचवरून, सीवूड्सच्या टॉवरांतून,
आमच्या रबाळ्याच्या निवाऱ्यावर,
सॅनिटायझर चोळून जाळीत एक बोट घालतात
आणि विचारतात, हिच्यात मिक्स काही आहे का?
आहे ना. सगळंच आहे.
खदानीतला काळा, तळवलीचा शेपूटतुटका,
एमआयडीसीच्या गेटवर वॉचमननं भात घालून वाढवलेला पिवळा,
सात पिढ्यांचा बिनपावतीचा संसार.
एक कान उभा, एक पडलेला,
उगाच नाही.

तसलं मिक्स नको असतं त्यांना.

बाजारात मात्र
गावठी कोंबडी सहाशेला, गावठी अंडं पंधराला,
गावठी कोथिंबिरीला नाक लावून
डोळे मिटतात हीच माणसं.
आमच्या घणसोलीच्या गावठाणाचा भाव
बिल्डर सांगेल तो.
गावठी कुत्रं तेवढं फुकट,
तरी महाग.

कोपरखैरण्यात रो हाऊसमध्ये सबनीस म्हणून आहेत.
वाईट माणूस नाही. दिवाळीला आम्हाला
जुन्या गाद्या पाठवतात, बिस्किटांचे पुडे.
पूडल आणि कॉकर एकत्र करतात,
पिल्लाला दोघांचं अर्धंअर्धं नाव,
केस गळत नाहीत, रंग जर्दाळूचा, दर साठ हजार.
आणि पिल्लू गोडच असतं, खोटं कशाला बोलू,
लस टोचायला आणलेलं एक माझ्या मांडीवर झोपलं
तर मला तासभर उठवेना.

लेकीनं दुसऱ्या जातीत केलं म्हणून
सबनीस दोन वर्षं तिच्याशी बोलत नाहीत, असं ऐकते.
त्यांना काय हसू?
माझ्या भावाचं लग्न आम्हीच मोडलं होतं.
मिसळण्याचं असं आहे,
आपण मिसळलं तर ठीक.

मार्गशीर्षात त्यांनी पिल्लांच्या आईला आणून सोडलं.
नाव बेबी. वय सात.
सहा वेळा व्याली, त्यात दोनदा पोट कापून.
आता होत नाही, म्हणाले, आणि जागा अडते.
पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या कातडीला धरलेल्या,
आचळं चालताना मांड्यांवर आपटत होती.
फरशी सोडून मातीवर आली तेव्हा
एकेक पाय उचलून बघत राहिली,
चटका बसल्यासारखी.
पिल्लांची कागदं असतात, म्हणून मी आईची मागितली.
तिची कशाला, म्हणाले.
रकान्यावर पेन टेकवून मी थांबले.

त्याच आठवड्यात वाशीच्या उड्डाणपुलाखालून
चार पिल्लं आली, आई टेम्पोखाली गेलेली.
डोळे नुकते उघडले होते.
जमिनीवर ठेवली तशी सरपटत निघाली
सरळ बेबीकडे.
कॉलेजच्या पोरी मदतीला येतात, त्यांनी मोबाईल काढले.
एकीच्या डोळ्यांत पाणी आधीच तयार.
मीही श्वास धरला. आता आडवी होईल,
आता चाटेल, आईच ती.

बेबी उठली.
गुरगुरली नाही, हुंगलंही नाही.
दार उघडं होतं.
दहाएक पावलं चालत गेली,
बाहेर उन्हात गोणपाट होतं
त्यावर आमच्याकडे पाठ करून बसली.

मोबाईल खाली आले.
पिल्लांना मी बाटलीनं पाजलं, काय करणार,
एक हात बाटलीला, एक मोकळा.
तो मोकळा हात मी तिच्याकडे नेला नाही.

फॉर्म अजून टेबलावर आहे.
डॉक्टर म्हणतात, काहीतरी लिहा, मढवीबाई,
असा कोरा ठेवता येत नाही.
लिहीन म्हटलं.
ती उन्हातून उठू दे आधी.