घट

विट्यात लाईट गेलेली. मयूरीचा लॅपटॉप तेवढा जिवंत,
त्याच्या उजेडात दोन रकाने:
डावीकडे लिस्बन, उजवीकडे वॉर्सा.
दोन्हीकडनं नोकरीचं पत्र आलंय पोरीला.

भाडं, ती वाचते. एक खोली, शहराच्या आत.
एक खोली, शहराच्या बाहेर.
लिस्बनला भाडं जड, हिवाळा हलका.
वॉर्सात भाडं सोसेल,
पण खोली तापवायचं बिल वेगळं.
तापवायचं बिल?
हो पप्पा, थंडी उण्यात जाते तिथं.

मी जन्मभर तापवण्याचेच पैसे घेतले.
कोइमतूरच्या सराफी बोळात, एका जिन्याखाली,
मुशीत दुसऱ्याचं सोनं,
समोर भट्टी, आणि डोळ्यांत तेजाबाचा धूर.

दूध, एक लिटर. अंडी, डझन.
ट्रामचा महिन्याचा पास.
जेवण, मध्यम हॉटेल, दोघांसाठी.
आतून तिची आई विचारते, "दोघं कोण?"
मयूरी म्हणते, तसं लिहायची पद्धत आहे.
आत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज.

आम्हीही रकाने पाडले होते.
शहाऐंशी साल, एस्टी स्टँडचं कँटीन,
मी आणि सदाशिव बाबर,
विडीच्या बंडलाच्या कागदावर:
जालंधर की कोइमतूर?
जालंधरला रोटी स्वस्त, पण रजई घ्यावी लागते.
कोइमतूरला रजई नको, पण बोलायचं काय?
भाड्याचा आकडा दोघांनाही ठाऊक नव्हता.
आमचा प्रश्न एकच: कुठला घरमालक धूर चालवून घेतो?
मावसभावाचं कार्ड आलं, इथला चालवून घेतो.
त्या एका ओळीवर मी एकवीस वर्षं काढली.

सदाशिव जालंधरला गेला.
त्यानं गावात तीन मजली बंगला बांधला,
वर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी.
जत्रेच्या दोन दिवसांत
तिथं दिवे लागतात.
बाकी वर्षभर ते विमान जागच्या जागी.

"पप्पा, सगळं धरलं.
लिस्बनला महिन्याला थोडे कमी उरतात."
घट किती धरलीस?
"म्हणजे बँकेचं कमिशन?"

नाही गं.
मोड येते, आपण तोलतो, आकडा लिहितो.
मग ती वितळते.
डाग जळतो, लाख जळते, कुणाच्या गळ्याचा मळ जळतो,
आणि ओतल्यावर काटा खाली आलेला असतो.
चांगला गलाईवाला आधीच सांगतो, एवढी घट जाईल.
न सांगता गेली
की गिऱ्हाईक तुला चोर म्हणतं.

तुझ्या आईला मी आधी सांगितलं नव्हतं.
तू चालायला लागलीस त्या रात्री
तिनं पीसीओवरनं फोन केला,
आणि तिच्या पुढ्यातल्या मीटरचे आकडे
मला इथं, म्हणजे तिथं, ऐकू येत होते.
मी "बरं" म्हणालो.
"ठेव आता" म्हणालो.
वाचलेले पैसे किती, ते आठवतं अजून.

मयूरी गप्प.
मग सगळ्यात खाली एक नवी ओळ घालते.
तिला नाव देत नाही.
लिस्बनच्या चौकटीत काही नाही,
वॉर्साच्या चौकटीत काही नाही,
तिरीप तेवढी उघडझाप करते.

लाईट येते. फ्रिज अंग झाडतो.
तिची आई दारात, हात पुसत,
दोघींची नजर एकदा भिडते,
मी मध्ये पडत नाही.

केस कापणे, मयूरी वाचत राहते, पुरुष, साधे.
"पप्पा, कोइमतूरला केस कापायला किती लागायचे?"
काही नाही.
मी आणि लेंगऱ्याचा एक पोरगा,
एकमेकांचे कापायचो, रविवारी, भट्टी थंड झाल्यावर.
वाईट कापायचो.