डावा हात

आरसा मी धरला होता.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण पुढे सगळे ओतिलियाचंच नाव घेतात.

सेतुबालच्या बंदरामागे, जुन्या बर्फाच्या कारखान्यात
तिची कार्यशाळा. छत इतकं उंच
की कबुतरांनी वर संसार थाटलेले,
आणि खाली आम्ही मातीत कोपरापर्यंत,
त्यांचा नेम चुकवत.
"सवय होऊ दे," ती म्हणायची,
"चौकात गेल्यावर हेच आपले समीक्षक."

नगरपालिकेला हवी होती
सार्डिनच्या कारखान्यातली एक बाई.
एकच. खर्चात बसेल अशी.
शक्यतो हसरी.

ओतिलिया महिनाभर म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसली.
मिठानं खाल्लेली नखं पाहिली,
रात्री तीनला भोंगा झाला की
झोपेतच एप्रन बांधणाऱ्या कमरा.
कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली,
तीनला अजून जाग येते, म्हणाल्या,
आणि मग काय करायचं ते कळत नाही.

पण हात जमेना.
कुठली म्हातारी तासन् तास उभी राहणार?
शेवटी तिनं स्वतःच सुरी उचलली.
आरसा धर, म्हणाली. सरळ धर.
मी सरळ धरला.
सतरा दिवस ती काचेतल्या बाईकडे बघत राहिली
आणि माती त्या बाईसारखी होत गेली.

मग मेण वितळलं,
मेणाच्या जागी कांस्य शिरलं.
एकदा निवलं
की ते कुणाचं ऐकत नाही.

अनावरणाला बँड. महापौर. पडदा घसरला,
आणि पहिल्या रांगेतून दोना आल्झिरा,
वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत:
"अगं, ही तर डावखुरी!"
रांगच्या रांग खांदे हलवत हसली.
एका टेबलाला चौदा जणी, कोपराला कोपर,
एकीची सुरी उलटी चालली तर शेजारणीचं बोट जाईल.
"आमच्या टेबलावर डावं-उजवं नव्हतं, बाई.
सगळ्या उजव्याच."

ओतिलियानं माझ्याकडे पाहिलं.
रागावली असती तर बरं झालं असतं.

चार वर्षं ती त्या चौकातून गेली नाही.
बाजाराला जायची मागच्या चढानं, दुखऱ्या गुडघ्यानिशी.
कामं आली, झाली:
तुरुंगाच्या भिंतीवर पाणकावळे,
स्टेशनात एक दगडी बाक,
ज्यावर लोक शिल्प आहे हे न कळता बसतात
(ते तिला फार आवडायचं).
पण हात घडवायचा म्हटलं की आधी
उजवी मूठ आवळून बघायची. खात्रीसाठी.

एका नोव्हेंबरात दारात फिलोमेना कारासा.
बसचालक. पाळी संपवून, गणवेशातच.
टोपी काढत विचारलं,
"माझ्या आईबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?"

आई जसिंता. डावखुरी.
मुकादमीण रोज तिचा डावा हात
एप्रनच्याच नाडीनं पाठीशी बांधायची.
उजव्यानं माशांची डोकी कमी उडत,
तेवढी मजुरी कापली जाई. तेरा वर्षं.
घरी आली की दार लावून
पाव तेवढा डाव्या हातानं कापायची,
अगदी पातळ, एकसारखा.
टेबलावरच्या बाकीच्यांना आठवत नाही म्हणे.
विचारून आले मी, फिलोमेना म्हणाली.

मी तोंड उघडलं. आरसा, एवढंच म्हणणार होतो.
ओतिलियानं बुटाखाली माझं पाऊल दाबलं.
"कुणी नाही सांगितलं," ती म्हणाली.
आणि तेही खरंच होतं.

आता त्या डाव्या हाताचा अंगठा
घासून घासून पिवळा झालाय.
बस लागते तिथंच, दारासमोर.
ओतिलिया परत पुढच्या रस्त्यानं जाते,
भाजीची पिशवी चौथऱ्यावर टेकवते,
पुतळ्याकडे बघत नाही, बसच्या वेळा वाचते.

आरसा भिंतीला टेकून आहे.
पुसलेला नाही मी.
काठावर वाळलेल्या मातीची बोटं उमटलीत,
माझी,
दोन्ही हातांची.