खरं धरून चालू

तार्तूतला फेब्रुवारी. नदी अजून गोठलेली.
काचेला नाक लावून उभा हेल्दुर, माझा बाप,
एकेचाळीस वर्षं गणिताचा मास्तर,
वळतो, म्हणतो, ‘लेइदा! तू माझी बहीण.’

त्याच्याच कोड्यांतला नियम:
खरा नेहमी खरंच बोलतो, खोटा खोटंच.
रकाने आख, एक वाक्य धर,
विरोध आला की मागे फीर.

खोटा धरावा तर हात धजत नाही.
कुणाला नापास करतानाही हा गोड खोटं बोलला नाही.
मग खरं धरून चालू.
औषधांच्या बिलामागे रेघा मारते:
मी त्याची बहीण,
म्हणजे माझा उर्मस त्याचा भाचा,
माझी आई माझीच वहिनी,
आणि मी नऊ वर्षांची,
बर्फाखालून अजून वर आलेच नाही.
इथवर कुठेच विरोध नाही.

‘बाबांना ठाऊक आहे, तू आलीस ते?’
तो हळूच विचारतो.

‘हो. शेगडी पेटवून बसलेत.’

तो पेन्सिल मागून घेतो.
लेइदाच्या नावासमोर, खऱ्याच्या रकान्यात,
थरथरती खूण करतो,
आणि खाली, त्याच जुन्या मास्तरी अक्षरात:
पायऱ्या दाखव.