तळटीप

तीन क्रेडिटचा विषय. मंगळवार, गुरुवार, सकाळी आठ.
घेतला, कारण वेळापत्रकात तेवढंच भोक उरलं होतं
आणि कुणीतरी म्हणालं होतं, सोपा आहे.

वर्ग तळघरात, बॉयलरच्या भिंतीला भिंत.
कबायाओ बाई दरवर्षी सांगतात म्हणे,
ही खोलीही कुणी आपणहून दिलेली नाही,
पोरांनी अख्खं सत्र बंद पाडून मिळवलीय.
मध्येच बॉयलर खडखडला की थांबतात,
त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यासारख्या.

स्वाध्याय पहिला: घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोला.
काय काम केलं, कुठे, किती मजुरीवर.

स्टॉकटनच्या घरी लोलो फाउस्तो लसूण सोलत होते.
मी फोन रेकॉर्डिंगला लावला.
त्यांनी त्यावर फडकं टाकलं.
"हे शिकायला फी भरतेस?"
"हो."
"किती?"
आकडा सांगितला
तर इतके हसले की ठसका लागला,
पाणी द्यावं लागलं.

मग गॅरेजमधून सुरी आणली,
लांब दांड्याची, टोकाला माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली,
शतावरीचे कोंब कापायची.
"मातीत बोटभर खाली. दिसत नाही. हाताला कळतं.
चुकलीस तर शेजारचा, अजून वर न आलेला, तोही गेला."
मागच्या अंगणात मला वाकायला लावलं. वीसदा.
एकविसाव्याला कंबर बोलू लागली.
"हं," म्हणाले, "आता लिही."

लिहिताना मागून नावं सांगत राहिले,
कॅम्पात शेजारच्या खाटांवर झोपणाऱ्या म्हाताऱ्यांची:
मेलेसियो, अपोलोनियो, दोन सेवेरिनो,
एकाचंही लग्न नाही.
का, ते मला बाईंच्या वर्गात कळलं होतं, कायद्याच्या कलमासकट.
मी सांगितलं.
लोलो सोलायचे थांबले.
"कायदा होता?
आम्हाला वाटायचं, लाजाळू आहेत."

नऊ पानं झाली.
डीनच्या ऑफिसातून पत्र आलंय, नोंदणी कमी,
विषय पुढच्या वर्षी दुसऱ्या कशात तरी विलीन.
बाईंनी ते फळ्याला चिकटवलं आणि हजेरी घेतली.

तळटीप तेवढी राहिलीय.
लेखक: फाउस्तो अगबायानी.
प्रकाशक: नाही.
वर्ष: विचारलं तर म्हणतात, कुठलं कुठलं सांगू.
पृष्ठ:
इथे मी अडलेय.
पाठ अजून दुखतेय,
आणि बोटांना लसणाचा वास.